प्रॉम्प्टर

बांबोळीच्या ओपीडीत मुलगी फॉर्म भरून घेते.
"शून्य ते पाच, काका. नुसता आकडा सांगा.
खोकला किती? कफ किती?
चढण चढताना धाप किती?"
कुठली चढण, मी विचारतो.
ती कागद उलटून बघते. कुठली ते छापलेलं नाही.

आमच्या न्हाणीला दोन पायऱ्या.
पहिलीवर मी थांबतो, दुसरीवर दार धरतो,
मग स्टुलावर बसून राहतो हातात साबण घेऊन,
बालदी भरून वाहून जाईपर्यंत.
अंघोळ हेसुद्धा काम असतं
हे साठीपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.
लिही, चार.

वेळग्याच्या खाणीवर सत्तावीस वर्षं मी वजनकाट्यावर होतो.
ट्रक यायचा, मी आकडा लिहायचो.
भरलेला. रिकामा. भरलेला.
चहाच्या सायीवर तांबडी पूड,
मुलीच्या वह्या, तुळशीची पानं, उशीचे अभ्रे,
सगळं एकाच रंगाचं.
डॉक्टर म्हणतात, धूळ असेल, विड्या असतील, दोन्ही असेल.
मी वाद घालत नाही.
वादाला लांब वाक्यं लागतात.

माझी वाक्यं आता चार शब्दांची.
पाचव्याला हवा पुरत नाही.
पुढचं शालन म्हणते.
"आज पेज नको, जरा..."
"...उंडे घेतलेत पोदेराकडून, तोंडाक आहे."
"पंपवाल्या दामूला फोन..."
"...केला. येतो म्हणालाय, म्हणजे येणार नाही."

आणि गंमत बघा,
गावच्या काल्याच्या नाटकाला मी तीस वर्षं प्रॉम्प्टर.
विंगेत, मांडीवर वही, हातात टॉर्च.
असं कुजबुजायचं की राजाला ऐकू जावं
आणि पहिल्या रांगेतल्या भाटकाराला जाऊ नये.
याला ओरडण्यापेक्षा जास्त दम लागतो.
अख्खी स्वगतं मी फुंकली आहेत
फेणी घेऊन उभ्या राहिलेल्या सेनापतीच्या कानात.
तो एरवी सुतार. माझ्या न्हाणीचं दार त्याचंच.

"झोप कशी लागते?"
तीन उशा, जवळजवळ बसूनच.
रात्री शालन माझा श्वास मोजते.
ती बोलत नाही, पण मला कळतं,
कारण मोजताना ती स्वतःचा धरून ठेवते.

"घराबाहेर पडताना खात्री वाटते?"
यंदा काल्याला गेलो.
देऊळ तीनशे पावलं.
मोरीपाशी चपलेचा पट्टा बघितला,
गाड्यावर ऑम्लेटचा भाव विचारला,
वडाखाली कुणाचातरी नातू ओळखल्यासारखं केलं.
मागच्या खुर्चीवर टेकलो तेव्हा नांदी संपली होती.

दुसऱ्या अंकात नवा पोरगा अडकला.
विंगेतल्या प्रॉम्प्टरला पान सापडेना.
मंडपात ती शांतता,
जी मी तीस वर्षांत एकदाही पडू दिली नव्हती.
ओळ मला पाठ होती. सात शब्द.
मी उठलो.
"महाराज, किल्ला गेला, पण..."
आणि हवा संपली.

"माणसं अजून आहेत,"
शालन म्हणाली. मोठ्याने. सगळी डोकी वळली.
जी कधी नाटक बघायला बसली नाही,
पडद्यामागे नटांचा चहा करत राहिली.
घरी येताना विचारलं, तुला कसं
"...माहीत? सोप्यावर बसून रात्र रात्र तालीम कोण करायचं?
भिंतीपलीकडे मी भात निवडत होते."

"शेवटचा प्रश्न, काका. अंगात उत्साह किती?"
मी शालनकडे बघितलं.
तिने या खेपेला ओळ दिली नाही.
पदराचं टोक बोटाला गुंडाळत छताच्या पंख्याकडे बघत राहिली.
मी ओठ मिटले, शिकवलाय तसा हळू श्वास सोडला,
गरम बशीत फुंकर घालतात तसा.
मुलीचं पेन कागदावर टेकलेलं.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं,
त्याचा नंबर पुढचा.